नगरचं रणगाडा संग्रहालय: पहिल्यांदा जाताय, तर हे वाचून जा

शिर्डीला जाता-येता नगरमध्ये दोन तास हाताशी असतात. गाडीत कुणीतरी म्हणतं, "इथं टँक म्युझियम आहे ना?" गाडी वळते, मुलांचे रणगाड्यापुढे फोटो निघतात आणि अर्ध्या तासात मंडळी पुन्हा रस्त्याला लागतात. मी पहिल्यांदा असाच गेलो होतो, तेही मे महिन्यात, भर दुपारी. घरी आल्यावर फोनमध्ये चाळीसेक फोटो होते, पण त्यातला एकही रणगाडा कुठला, कोणत्या लढाईतला, हे मला सांगता येईना. ते फार लागलं. पुढच्या वेळी थोडं वाचून गेलो. तिसऱ्यांदा मामांना घेऊन गेलो. मामा लष्कराच्या चिलखती दलात ड्रायव्हर होते, विजयंता या भारतात बनलेल्या रणगाड्यावर. त्या दिवशी आम्ही जेमतेम सात-आठ गाड्या पाहिल्या आणि चार तास कसे गेले ते कळलं नाही.

तुमचा पहिलाच दिवस तसा जावा, म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

१. आधी जागा समजून घ्या

हे कॅव्हलरी टँक म्युझियम लष्कराचं आहे. नगरला आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूल आहे. रणगाडा दलातले जवान आणि अधिकारी इथेच तयार होतात. त्याच संस्थेने फेब्रुवारी १९९४ मध्ये हे संग्रहालय सुरू केलं. पन्नासच्या आसपास रणगाडे, चिलखती गाड्या आणि तोफा आहेत, आणि बहुतेक सगळं उघड्यावर, झाडांच्या सोबतीनं मांडलेलं आहे. काचेच्या कपाटांचं, थंडगार दालनांचं संग्रहालय डोळ्यांपुढे आणून निघालात, तर इथल्या उन्हात पहिल्या दहा मिनिटांत दमछाक होईल.

नावाचा घोळही आधीच मिटवा. अहमदनगरचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. बस, रेल्वे किंवा नकाशा शोधताना दोन्ही नावं टाकून बघा. बोलताना सगळे 'नगर'च म्हणतात, आणि रिक्षावाल्याला 'टँक म्युझियम' एवढं सांगितलं की पुरतं.

२. एक संध्याकाळ वाचनाला द्या

ही पायरी सगळे गाळतात, आणि तिथेच अर्धी सहल वाया जाते. गाडीपुढच्या फलकावर वजन, तोफेचा व्यास, इंजिन असे आकडे असतात. त्या आकड्यांमागची गोष्ट तुम्हाला सोबत न्यावी लागते.

फार नको. तीन युद्धांतल्या चार लढाया वाचा: १९४८ ची झोजी ला, १९६५ ची असल उत्तर, १९७१ ची गरीबपूर आणि १९७१ चीच बसंतर. एका वहीत प्रत्येक लढाईखाली दोन्ही बाजूंनी कोणते रणगाडे होते, तेवढं लिहा. ही वही हातात असली, की संग्रहालयात पाय आपोआप योग्य ठिकाणी थांबतात.

३. सोबत काय घ्यायचं

- प्रत्येक मोठ्या माणसाचं फोटो असलेलं मूळ ओळखपत्र: आधार, वाहन परवाना, यापैकी काहीही. भाग लष्करी हद्दीतला आहे, कुठेही विचारलं जाऊ शकतं.
- मुलांचं शाळेचं ओळखपत्र.
- थोडे सुटे पैसे. तिकीट, पार्किंग, कॅमेरा यांपैकी कशाला किती ते खिडकीवर विचारा. आंतरजालावरचे जुने आकडे धरून वाद घालू नका.
- पाणी, प्रत्येकी किमान एक बाटली, आणि टोपी किंवा छत्री.
- वही-पेन.
- छोटी बॅटरी. चाकांच्या मागे, पट्ट्यांच्या आत, गाडीच्या पोटाखाली बघायला उपयोगी पडते.

सुट्टीचे वार आणि वेळ निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा. लष्कराच्या जागेत एखादा कार्यक्रम किंवा पाहुण्यांचा दौरा असला, तर नेहमीचं वेळापत्रक बदलू शकतं.

४. पोहोचताना

पुण्याहून नगर साधारण १२० किलोमीटर. रेल्वेने यायचं तर नगर स्टेशन दौंड–मनमाड मार्गावर आहे. एसटीने येणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की करावी: नगरला स्थानकं एकापेक्षा जास्त आहेत. माळीवाडा, तारकपूर आणि स्वस्तिक चौकाजवळचं पुणे स्थानक. सकाळी एका ठिकाणी उतरता, संध्याकाळी परतीची गाडी दुसऱ्याच स्थानकावरून सुटते आणि धावपळ होते. उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर परतीचं विचारून घ्या, मगच रिक्षात बसा.

संग्रहालय सोलापूर रस्त्याच्या बाजूला आहे. स्वतःची गाडी असेल तर फोनमधल्या नकाशावर डोळे झाकून विसंबू नका. मला त्याने एकदा थेट लष्करी वसाहतीच्या फाटकापाशी नेऊन सोडलं होतं. असं झालं तर गाडी बाजूला लावा, पहाऱ्यावरच्या जवानाला नमस्कार करून रस्ता विचारा. नीट सांगतात. मात्र गाडी फाटकाच्या अगदी तोंडाशी वळवत बसू नका आणि तिथे फोटोसाठी फोन वर करू नका.

ऋतूचं म्हणाल, तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. सकाळी दार उघडतानाच हजर व्हा. दुपारी बारानंतर लोखंड असं तापतं की जवळ उभं राहिलं तरी धग लागते. आणि या गाड्या जवळ उभं राहूनच बघायच्या आहेत.

५. पहिल्या रणगाड्यापाशी दहा मिनिटं थांबा

आत गेल्यावर सगळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत सुटतात. तुम्ही पहिल्याच गाडीपाशी थांबा आणि रणगाडा कसा बघायचा ते तिथे शिकून घ्या. मामांनी मला तीन प्रश्न शिकवले: हा मारतो कशाने, वाचतो कशाने, आणि पळतो कशाने?

मारतो कशाने, तर तोफेने. नळीच्या तोंडाचा व्यास बघा. जपानी हा-गो रणगाड्याची तोफ ३७ मिलिमीटरची, म्हणजे तुमची दोन बोटं शेजारी-शेजारी धरली तर जवळपास तेवढी. आपल्या विजयंताची १०५ मिलिमीटरची, म्हणजे अंगठ्यासकट बंद मूठ. नळीसमोर आपला हात हवेत धरून बघा. फलकावर वाचलेल्या आकड्यापेक्षा हे जास्त लक्षात राहतं.

वाचतो कशाने, तर चिलखताने. इथे जाडीइतकंच चिलखताचं तिरकेपण बघा. उभा पत्रा गोळा अंगावर घेतो, तिरका पत्रा तो घसरवून लावतो, शिवाय गोळ्याला तिरकं जावं लागल्यामुळे तेवढाच पत्रा जाड पडतो. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश चर्चिलचे उभे, भिंतीसारखे पत्रे बघा आणि मग अमेरिकन पॅटनचा गोलसर टरेट, म्हणजे तोफेचा वरचा फिरता भाग, बघा. दहाएक वर्षांत रणगाडे बनवणाऱ्यांनी काय शिकलं, ते या दोन गाड्यांत दिसतं.

पळतो कशाने, तर पट्ट्यांवर. पट्टा जितका रुंद, तितकं वजन जमिनीवर पसरतं आणि चिखलात गाडी कमी रुतते. पट्ट्याची एक-एक कडी, तिला जोडणाऱ्या पिना, पुढचं किंवा मागचं दातेरी चाक, सगळं बॅटरी लावून बघा. मामा म्हणाले, "लोक तोफ बघतात रे. आमचं निम्मं आयुष्य हा पट्टा ताणण्यात आणि चिखल खरवडण्यात गेलं."

आणखी एक: आत माणसं किती आणि कुठे बसत, हे प्रत्येक गाडीपाशी विचारा. ब्रिटिश सेंच्युरियन रणगाड्यात चौघं: कमांडर, गनर, लोडर, ड्रायव्हर. हा-गोमध्ये तिघंच, आणि त्यातला कमांडर एकटाच गोळा भरायचा, नेम धरायचा, डागायचा आणि गाडीला हुकूमही द्यायचा. त्याचा चिमुकला टरेट बघितला की त्या माणसाची काय तारांबळ होत असेल ते कळतं.

६. आता रांगेने नको, युद्धांच्या क्रमाने फिरा

या मार्गदर्शकातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. पन्नास गाड्या ओळीने बघितल्या तर सगळ्या सारख्या दिसायला लागतात. वही उघडा आणि काळाच्या क्रमाने एकेक गाडी शोधत जा. थोडं उलटसुलट चालावं लागेल, ते चाला.

*सुरुवात.* संग्रहालयातली सगळ्यात जुनी गाडी म्हणजे रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्टची चिलखती मोटार. ऐषारामी मोटारीच्या सांगाड्यावर पोलाद चढवलेलं आणि वर मशिनगनचा टरेट. घोडदळाचं काम मोटारीकडे कसं गेलं, त्याची ही पहिली पायरी. संग्रहालयाच्या नावात 'कॅव्हलरी' म्हणजे घोडदळ का आहे, तेही इथेच समजतं: आपल्या रणगाडा पलटणींतल्या कित्येक जुन्या पलटणी आधी घोड्यांवरच्या होत्या. पूना हॉर्स, डेक्कन हॉर्स ही नावं आजही तशीच आहेत.

*दुसरं महायुद्ध.* इथे मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, जपानी हा-गो आणि ची-हा, जर्मनांची ८८ मिलिमीटरची तोफ, असा मोठा गोतावळा आहे. वेळ कमी असेल तर दोनच निवडा. पहिली अमेरिकन लोकस्ट, ग्लायडरमधून उतरवण्यासाठी बनवलेला साडेसात टनांच्या आतला रणगाडा. शेजारी चर्चिल आठवून बघा, तो चाळीस टनांच्या घरात जातो. दुसरी आर्चर. तिच्याकडे बघताना काहीतरी उलटं वाटतं, आणि ते खरंच उलटं आहे: व्हॅलेंटाइनच्या सांगाड्यावर बसवलेली १७ पाउंडर तोफ मागच्या बाजूला तोंड करून आहे. लांबलचक तोफ छोट्या सांगाड्यावर मावेना, म्हणून ती फिरवली. पण त्यातून एक डावपेच निघाला: आडोशाला पाठमोरं उभं राहायचं, गोळा डागायचा आणि गाडी न वळवता सरळ पुढे निघून जायचं. ड्रायव्हरची जागा आणि तोफेचा मागचा भाग कसे एकमेकांना खेटून आहेत, ते वाकून जरूर बघा. मी पहिल्या वेळी या गाडीपुढे फोटो काढला होता आणि तोफ कुठल्या दिशेला आहे ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

*१९४८.* स्टुअर्ट हा हलका रणगाडा शोधा. बाकीच्यांपुढे तो किरकोळ दिसतो. पण याच जातीचे रणगाडे ७ लाइट कॅव्हलरीने झोजी ला खिंडीपर्यंत, साडेतीन हजार मीटर उंचीवर चढवले होते. पत्ता लागू नये म्हणून टरेट काढून वेगळे नेले आणि वर पुन्हा बसवले. १ नोव्हेंबर १९४८ ला ते खिंडीत शिरले. इतक्या उंचीवर रणगाडा येईल, हे पाकिस्तानी बाजूच्या ध्यानीमनी नव्हतं. लडाखची वाट त्यानंतर मोकळी झाली. हे वाचून स्टुअर्टच्या अरुंद पट्ट्यांकडे बघा आणि नोव्हेंबरातली बर्फाळ वाट डोळ्यांसमोर आणा.

*१९६२.* फ्रेंच एएमएक्स-१३. चीनशी युद्ध सुरू असताना हे रणगाडे एएन-१२ या मालवाहू विमानांतून लडाखमधल्या चुशूलला उतरवले गेले. याचा टरेट दोन तुकड्यांचा आहे: तोफ वर-खाली करायची तर टरेटचा वरचा अख्खा भागच डोलतो. दोन तुकड्यांमधली फट बाजूने उभं राहिलं की दिसते.

*१९६५.* इथे सावकाश. पॅटन एम-४७ समोर उभे राहा. त्या काळी हे अमेरिकेकडून पाकिस्तानला मिळालेलं मोठं बळ होतं, ९० मिलिमीटरची तोफ आणि जाड, गोलसर चिलखत. ८ ते १० सप्टेंबरला पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरला पॅटनचा मोठा ताफा चालून आला. आपल्याकडे सेंच्युरियन होते, जुने शर्मन होते, हलके एएमएक्स होते. उसाच्या उभ्या पिकात रणगाडे दबा धरून बसवले, शेतात पाणी सोडलं. पॅटन चिखलात मंदावले आणि कडेने मार बसला. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस (डागताना मागे धक्का न देणाऱ्या) तोफेने एकामागून एक पॅटन टिपले; १० सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले, त्यांना परमवीर चक्र मिळालं. पाकिस्तानचे जवळपास शंभर रणगाडे त्या रणात गेले. निकामी पॅटन जिथे गोळा केले, त्या जागेला पॅटन नगर म्हणू लागले.

त्याच महिन्यात सियालकोटच्या आघाडीवर पूना हॉर्सचे कमांडर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर सेंच्युरियनमधून लढत होते. जखमी असूनही ते मागे आले नाहीत. १६ सप्टेंबरला त्यांना वीरमरण आलं. तेही परमवीर.

*१९७१.* आधी पीटी-७६. हा पाण्यात तरंगणारा रशियन रणगाडा. समोरून त्याची होडीसारखी चोच बघा आणि मग न विसरता मागे जा: मागच्या बाजूला दोन गोल तोंडं आहेत, त्यातून पाण्याचा झोत सोडून तो पोहतो. नद्या-नाल्यांच्या पूर्व बंगालात असा रणगाडा हवाच होता. २१ नोव्हेंबर १९७१ ला, युद्ध जाहीर होण्याआधीच, गरीबपूरला ४५ कॅव्हलरीच्या चौदा पीटी-७६ नी पाकिस्तानच्या अमेरिकन बनावटीच्या शॅफी रणगाड्यांचा हल्ला मोडून काढला. शॅफीही इथे आहे. दोन्ही पाठोपाठ बघा.

शेवटी सेंच्युरियन. सगळ्यांत जास्त वेळ याच्यासाठी राखून ठेवा. याच जातीच्या रणगाड्यातून लढलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा. १९७१ च्या जूनमध्ये पूना हॉर्समध्ये दाखल झाले आणि युद्ध पेटलं तेव्हा इथे, नगरला, तरुण अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात होते. तिथून पलटणीत परतले. १६ डिसेंबरला पश्चिम आघाडीवर बसंतरच्या लढाईत त्यांच्या 'फॅमागुस्टा' या सेंच्युरियनला आग लागली, रणगाडा सोडून बाहेर पडण्याचा हुकूम आला. तोफ अजून चालत होती, म्हणून त्यांनी तो सोडला नाही. तिथेच ते धारातीर्थी पडले. वय एकवीस.

मामा सेंच्युरियनपाशी थांबले आणि ड्रायव्हरच्या झाकणाकडे बोट दाखवून म्हणाले, "एवढ्याशा भोकातून बाहेर पडायचं असतं. आतून धूर असताना." झाकणाचा आकार बघा. मग टरेटवरचं कमांडरचं झाकण बघा. कोणतीही माहितीपुस्तिका हे सांगणार नाही.

यानंतर मन असेल तर विजयंता. मद्रासजवळच्या आवडीच्या कारखान्यात बनलेला, भारतात तयार झालेला पहिला रणगाडा. ब्रिटिश व्हिकर्सच्या आराखड्यावरचा असला, तरी रणगाडा घडवायला आपण शिकलो तो याच्यावर.

७. मुलांसोबत, ज्येष्ठांसोबत

लहान मुलांना रणगाड्यावर चढायचं असतं, आणि चढू द्यायचं नसतं. नियम आहे म्हणून तर खरंच, पण कडा धारदार आहेत आणि पत्रा तापलेला असतो म्हणूनही. त्याऐवजी त्यांना शोधाशोध द्या: उलट्या तोफेची गाडी शोध, पोहणारा रणगाडा शोध, सगळ्यात लहान तोफ शोध. माझ्या भाचीने आर्चर माझ्याआधी शोधली होती.

घरात किंवा शेजारी कुणी निवृत्त फौजी असतील तर त्यांना आग्रहाने सोबत न्या. नगर, सातारा, कोल्हापूरकडे अशी माणसं घरोघर भेटतात. ते स्वतःहून बोलणार नाहीत. "हे काय असतं?" एवढंच विचारा आणि गप्प उभे राहा. ज्येष्ठांना मात्र एका दमात सगळं फिरवू नका. दोन युद्धांनंतर सावलीत बसवा, पाणी द्या.

८. फोटोंबद्दल

कॅमेऱ्याची परवानगी खिडकीवरच विचारा. ड्रोन बॅगेतूनही आणू नका, लष्करी भागात तो उडवणं म्हणजे थेट गुन्हा ओढवून घेणं. फाटक, पहाऱ्यावरचे जवान, आजूबाजूच्या इमारती यांचे फोटो टाळा.

प्रत्येक गाडीचे तीन फोटो काढा: आधी फलक, मग पूर्ण गाडी, मग तुम्हाला भावलेला एक बारीक तपशील. फलकाचा फोटो आधी काढला की घरी गेल्यावर पुढच्या गाड्या ओळखता येतात. माझे पहिले चाळीस फोटो याच एका चुकीमुळे वाया गेले.

९. दुपार उरली तर किल्ला

संग्रहालय सकाळी नीट झालं, तर दुपारी नगरचा भुईकोट किल्ला होतो. १९४२ च्या चळवळीत नेहरू, पटेल, आझाद आणि काँग्रेसचे इतर नेते इथेच कैदेत होते. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' नेहरूंनी इथल्या कैदेत लिहिलं. किल्लाही लष्कराच्याच ताब्यात आहे, त्यामुळे कोणता भाग त्या दिवशी खुला आहे ते आधी विचारा, आणि ओळखपत्र बॅगेच्या तळाशी टाकू नका. दाराशी ते पुन्हा काढावं लागेल.